घुमणारा ॲम्प्लिफायर काय सांगत होता?

काशीदला माझ्या मामांचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे सुरूचं बन, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीत विहीर. मामा शिक्षक होते, निवृत्त होऊन आता वीस वर्षं झाली. संध्याकाळी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून जुन्या रेकॉर्ड ऐकायच्या, हा त्यांचा नेम. त्यासाठी १९८५ साली मुंबईहून आणलेला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर, लाकडी खोक्यातले दोन स्पीकर आणि एक टर्नटेबल एवढा सरंजाम त्यांनी जिवापाड सांभाळला आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला. "अरे, गाणं लावलं की मागे कुणीतरी बेसूर तंबोरा धरून बसलाय असं वाटतं. सारखं आपलं घूंऽऽ. मध्यंतरी एका मुलाला दाखवलं. त्यानं काहीतरी केलं, आवाज निम्म्यावर आला, पण गेला नाही. तू माणसांच्या छातीतले आवाज ऐकतोस ना? मग एकदा हाही ऐकून जा."

फोन ठेवण्याआधी मामींनी तो हातात घेतला. त्यांना मधुमेह आहे. "हल्ली उजव्या हाताला मुंग्या येतात. साखरेमुळंच ना?" मी सवयीनं सांगून टाकलं, "साखर तपासून घ्या, आणि बी-१२ पण करा." मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, हे खरं आहे. पण एकही प्रश्न न विचारता दिलेला हा सल्ला होता. तो किती चुकीचा होता, ते काशीदला गेल्यावर कळलं. मामांचा ॲम्प्लिफायर आणि मामींचा हात यांचं दुखणं एकच होतं.

आधी आवाज ओळखा

इलेक्ट्रॉनिक्स हा माझा जुना नाद आहे. गाण्याच्या यंत्रात नको असलेला आवाज आला की बहुतेक लोक एक तर नवी वायर आणतात, नाही तर यंत्रच बदलतात. हे म्हणजे ताप आला की तपासणी न करता अँटिबायोटिक देण्यासारखं. त्याआधी एक सोपी गोष्ट करायची असते. आवाज कसा आहे, ते नीट ऐकायचं.

असे आवाज ढोबळमानानं चार प्रकारचे असतात.

पहिला म्हणजे 'घूं'. खर्जातला, न थांबणारा. हा विजेचा आवाज. आपल्या घरात येणारा विद्युतप्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावे खातो, म्हणजे त्याची वारंवारता ५० हर्ट्झ. हा प्रवाह गाण्याच्या वायरीत कुठूनतरी शिरला, तर स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. पण ॲम्प्लिफायरला आतून लागते ती सरळ वाहणारी, डीसी वीज. त्यासाठी त्यात एक पॉवर सप्लाय असतो. तो विजेचा प्रत्येक उलटा हेलकावा सुलटा करून घेतो. त्यामुळे सेकंदाला ५० ऐवजी १०० उंचवटे तयार होतात. हे उंचवटे सपाट करण्याचं काम मोठे कंडेन्सर करतात. ते म्हातारे झाले की उंचवटे पुरते सपाट होत नाहीत आणि १०० हर्ट्झची घूं ऐकू येते. म्हणजे ५० हर्ट्झचा आवाज बहुधा बाहेरून शिरलेला असतो आणि १०० हर्ट्झचा आतून आलेला. नियम पक्का नाही, पण सुरुवात करायला पुरेसा आहे.

मामांची 'बेसूर तंबोरा' ही तक्रार अगदी अचूक होती. अनेक पुरुष गायक काळी एकच्या षड्जात गातात. तो षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याचा मंद्र पंचम येतो सुमारे १०४ हर्ट्झला. पॉवर सप्लायची घूं १०० हर्ट्झवर, म्हणजे त्या पंचमाच्या थोडीशी खाली बसते. उतरलेल्या पंचमाचा तंबोरा मागे वाजत असेल, तर ज्याचा कान तयार आहे त्याला स्वस्थ कसं बसवेल?

दुसरा आवाज 'सूं', पाऊस लांबून ऐकू यावा तसा. तो थोडा असणारच. कोणत्याही तारेत, कोणत्याही रोधात इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात आणि त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. जॉन जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तो मोजला आणि त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्याचं गणित मांडलं. यंत्र कितीही महाग असो, ही सूं शून्य करता येत नाही. बसल्या जागी ऐकू येत नसेल, तर तिच्यामागे लागू नये.

तिसरी 'खरखर'. बटण फिरवताना ती आली तर दोष बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर साचलेल्या मळाचा. काहीही न करता मधूनच आली तर सैल सांधा, फुटलेलं सोल्डर किंवा ओल धरलेली पट्टी.

चौथा 'टक्' किंवा 'फट्'. फ्रिज सुरू-बंद होताना, ट्यूबलाइट लावताना येतो. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे येते ती बारीक, टोकदार गुरगुरही याच कुळातली. हे शेजाऱ्यांचे आवाज. यंत्राचा यात दोष नसतो.

मग जागा शोधा

हृदयातली मरमर ऐकताना ती कधी येते, छातीवर कुठे सर्वात मोठी ऐकू येते आणि रुग्णाला श्वास रोखायला सांगितला किंवा उकिडवं बसवलं तर कशी बदलते, यावरून कोणत्या झडपेचा दोष आहे याचा अंदाज बांधता येतो. ॲम्प्लिफायरलाही हेच लागू पडतं. खोका न उघडता करता येतील अशा चार तपासण्या आहेत.

पहिली : स्पीकरच्या जाळीला कान लावा, मग ॲम्प्लिफायरच्या खोक्याला लावा. घूं खोक्यातून येत असेल आणि स्पीकर शांत असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा थरथरतो आहे. गाण्यात तो आवाज मिसळलेला नाही.

दुसरी : आवाजाचं बटण पूर्ण खाली आणा. घूं तशीच राहिली, तर दोष बटणाच्या पुढच्या भागात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये किंवा शेवटच्या टप्प्यात आहे. घूं बटणाबरोबर कमी-जास्त झाली, तर दोष अलीकडे आहे. जोडलेल्या वायरीत, टर्नटेबलमध्ये किंवा टीव्हीच्या खोक्यात.

तिसरी : ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या वायरी काढा. परत सुरू करा. शांत झाला, तर बंद करून एकेक वायर लावत जा. जी लावल्यावर घूं परत येते, ती वाट धरायची.

चौथी : आवाज एकाच बाजूला येत असेल, तर डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. आवाजही बाजू बदलून गेला, तर दोष वायरीत किंवा तिच्या मागे. जागचा हलला नाही, तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये.

टर्नटेबलकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा संदेश येतो. रेकॉर्डच्या सुईतून येतो तो फक्त ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे चारशे पटींनी लहान. त्याला मोठं करताना त्याच्याबरोबर शिरलेली घूंही तेवढीच मोठी होते. हृदयाच्या आलेखात, ईसीजीमध्ये, आम्ही याहून लहान, १ मिलिव्होल्टच्या आसपासचा संदेश पकडतो. म्हणून सरकारी रुग्णालयातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला ५० हर्ट्झची ओळख असते. आलेखाची बारीक रेघ अचानक जाड, दातेरी दिसायला लागते. यंत्रावर ती काढून टाकणाऱ्या फिल्टरचं बटण असतं. अनुभवी परिचारिका ते दाबत नाही. ती आधी उजव्या पायाची पट्टी बघते. ती बहुधा सुटलेली किंवा कोरडी पडलेली असते. फिल्टर दाबला की रेघ स्वच्छ दिसते, पण पट्टी सुटलेलीच राहते. मामांच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

कापलेली हिरवी तार

मी चारही तपासण्या केल्या. आवाजाचं बटण खाली आणलं, सगळ्या वायरी काढल्या, तरी दोन्ही स्पीकरमधून घूं येतच राहिली. म्हणजे पॉवर सप्लाय. चाळीस वर्षांच्या यंत्रात यात नवल काही नाही. निदान झालं असं वाटून मी प्लग काढला आणि तो हातात हलका लागला. उघडून पाहिलं. थ्री-पिन प्लगमधली वरची जाड पिन नुसतीच होती. तिला लागणारी हिरवी, अर्थिंगची तार कापून मागे दुमडून ठेवली होती.

"हेच केलं त्या मुलानं," मामा म्हणाले. "आणि लगेच निम्मा आवाज गेला बघ."

निम्मा आवाज खरोखर गेला असणार. म्हणजे मुळात दोन घूं होत्या. एक जुन्या कंडेन्सरची, ती अजून शिल्लक होती. दुसरी अर्थिंगच्या वाटेनं येणारी, ती तार कापल्यावर थांबली. ही दुसरी येत का होती, हे त्या मुलानं विचारलं नव्हतं.

मी मामांना विचारलं, "तो जुना आवाज दिवसभर सारखाच असायचा का?" त्यांनी थोडा विचार केला. "नाही रे. सकाळी विहिरीचा पंप लावला की वाढायचा. म्हणून तर मी संध्याकाळीच ऐकायचो."

मग मामींना तेच प्रश्न विचारले, जे फोनवर विचारायला हवे होते. मुंग्या दोन्ही हातांना येतात का? नाही, उजव्याच. पायांना? नाही. रात्री वाढतात? रात्री मुळीच नाही. मग कधी येतात? "सकाळी. स्वयंपाकाच्या वेळी. फ्रिजचं दार उघडायला गेलं की येतात." किती दिवसांपासून? मामींनी हिशेब केला. तो मुलगा येऊन गेला, त्याच आठवड्यापासून.

मधुमेहामुळे नसांवर परिणाम होतो तेव्हा मुंग्या सहसा पायांच्या बोटांपासून सुरू होतात, दोन्ही पायांत सारख्या असतात आणि बहुतेकांना रात्री जास्त जाणवतात. फ्रिजच्या दारापाशीच येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्या नसतात. ओल्या हातानं, अनवाणी, ओल्या लादीवर उभं राहून मामी रोज सकाळी विजेचा झटका घेत होत्या.

गळती कोणाची, वाट कोणाची

मी पंपाचा आणि फ्रिजचा वापर थांबवायला सांगितलं आणि परवानाधारक वायरमनला बोलावलं. यापुढचं काम त्याचं होतं. एका हौशी डॉक्टरनं त्यात हात घालायचा नसतो.

त्यानं सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला. पंप बंद असताना काही व्होल्ट होते. अर्थिंग चांगलं असेल तर इथे एखाद-दोन व्होल्टच यायला हवेत. पंप सुरू केला आणि आकडा ६० च्या वर गेला. डिजिटल मल्टिमीटर कधी कधी नसलेला दाबही दाखवतो, म्हणून त्यानं टेस्ट लॅम्प लावून खात्री करून घेतली. दिवा मंद, पण लागला.

चित्र स्पष्ट झालं. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा या पट्ट्यात हजारो झाडं आणि विजेचे खांब पडले. मामांच्या वाडीचीही दैना झाली. नंतर डागडुजी करताना त्यांनी मागचं अंगण फरसबंद करून घेतलं. त्या फरशीखाली अर्थिंगचा खड्डा गेला. त्यात पाणी घालणं बंद झालं. वाळूची जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि कोरडी वाळू वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात खारी हवा आणि खारी ओल. फरशी उकरली, तेव्हा पाइपला तार धरून ठेवणारा क्लॅम्प गंजून पापुद्र्यांसारखा निघाला. घराचं अर्थिंग जमिनीपासून तुटलेलं होतं.

दुसरीकडे पंपाच्या मोटरच्या गुंडाळीत ओल शिरून थोडी वीज तिच्या लोखंडी अंगावर उतरत होती. ती अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला हवी. पण तार जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. घरातल्या सगळ्या थ्री-पिन वस्तूंच्या अर्थच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे पंपाची गळती फ्रिजच्या, इस्त्रीच्या आणि ॲम्प्लिफायरच्या अंगापर्यंत पोचत होती.

ॲम्प्लिफायरला मात्र जमिनीकडे जायची एक दुसरी वाट होती. टीव्हीवरच्या मैफली मोठ्या आवाजात ऐकता याव्यात म्हणून मामांनी डिशच्या सेट-टॉप बॉक्सची वायर ॲम्प्लिफायरला जोडली होती. बॉक्सपासून जाड केबल वाडीतल्या डिशपर्यंत, डिश लोखंडी पाइपवर आणि पाइप न्हाणीच्या सांडपाण्याच्या ओल्या जमिनीत खोल पुरलेला. अख्ख्या घराची गळती ॲम्प्लिफायरच्या अर्थ पिनमधून शिरून, गाण्याच्या वायरीच्या बारीक जाळीतून, डिशच्या पाइपवाटे जमिनीत जात होती. तीच घूं मामांना ऐकू येत होती.

वायरमननं पडताळा घेतला. मामींना स्वयंपाकघराबाहेर थांबवून कापलेली हिरवी तार तात्पुरती जोडली आणि पंप सुरू केला. स्पीकर घुमू लागला आणि फ्रिजवरचा दाब खाली आला. तार सोडवली. स्पीकर शांत झाला आणि फ्रिजवरचा दाब परत वर गेला. घूं बंद करताना त्या मुलानं गळतीची उरलेली एकमेव वाट बंद केली होती. मग तिला वाट मिळाली ती मामींच्या हातातून.

शरीरातून जाणारी वीज

साधारण १ मिलिॲम्पिअर प्रवाह शरीरातून गेला की झिणझिण्या जाणवतात. १० ते १५ मिलिॲम्पिअरच्या आसपास हाताचे स्नायू इतके आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिॲम्पिअर छातीतून काही क्षण गेला, तर हृदयाची लय बिघडून ते नुसतंच थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलत नाही. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. कातडी ओली असेल तर हातापासून पायापर्यंत तो हजार ओहमच्या जवळ येऊ शकतो. २३० व्होल्टला हजारानं भागा. उत्तर येतं २३० मिलिॲम्पिअर.

मामींच्या पायाखालची लादी आणि पंपाच्या गळतीची अर्धवट वाट यांनी त्यांना वाचवलं. मोटरची गुंडाळी आणखी थोडी उघडी पडली असती, तर फ्रिजच्या दारावर पूर्ण २३० व्होल्ट आले असते. 'हल्ली जरा शॉक मारतो' असं आपल्याकडे फ्रिजबद्दल, गीझरबद्दल, वॉशिंग मशीनबद्दल सहज म्हटलं जातं. आमच्या अपघात विभागात विजेच्या धक्क्याचे रुग्ण येतात, तेव्हा नातेवाइकांच्या बोलण्यात हे वाक्य अनेकदा ऐकलं आहे.

अलिबागची गोष्ट

काशीदहून परतताना रस्ता अलिबागवरून येतो. जमिनीत शिरलेल्या विजेचा उपद्रव काय असतो, हे तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी नीट ओळखलं गेलं होतं.

पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांमधून परत जातो आणि त्यातला काही जमिनीतही पसरतो. अशा भटक्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक उपकरणांना पृथ्वीच्या क्षेत्रापासून वेगळं ओळखता येणार नव्हतं. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ट्राम येण्याआधीच पर्याय शोधला. खाडीपलीकडे अलिबागला, लोखंड टाळून, नवी चुंबकीय वेधशाळा बांधली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

मूस यांनी आधी विचारलं की हा खळखळाट कुठून येणार आणि कोणत्या वाटेनं येणार. उत्तर मिळाल्यावर काय करायचं ते ठरवलं. ट्रामची जागा मामांच्या पंपाला द्या, प्रश्न तोच आहे. फरक एवढाच की मूस यांना आवाजापासून दूर जाता आलं. घरातल्या माणसांना गळतीपासून दूर जाता येत नाही, तिला बुजवावंच लागतं.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा होता. आधी अर्थिंग. वायरमननं वाडीत ओलसर जागी नवा खड्डा घेतला, नवा पाइप पुरला, क्लॅम्प झाकला आणि पाणी घालायला तोंड मोकळं ठेवलं. मग पंपाची मोटर गुंडाळून आणली. मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे असं दिसलं, की हे उपकरण सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतं. त्यानंतर ॲम्प्लिफायरची हिरवी तार पिनेला परत जोडली. थ्री-पिन प्लगमधली अर्थ पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब असते. प्लग घालताना ती सर्वात आधी जोडली जावी आणि काढताना सर्वात शेवटी सुटावी, यासाठीच.

आता पंप सुरू केला तरी घूं वाढत नव्हती. डिशच्या वाटेनं येणारी अगदी थोडी घूं उरली होती. अर्थिंग चांगलं असलं तरी दोन ठिकाणी जमिनीला टेकलेल्या यंत्रात असा फेरा तयार होतो. त्यावर उपाय म्हणजे गाण्याच्या वायरीत एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. त्यातून गाणं जातं, पण तारेचा जोड राहत नाही. तोडायचा असेल तर गाण्याच्या वायरीतला जोड तोडावा, अर्थिंगचा कधीही नाही.

शेवटी ॲम्प्लिफायर. मोठ्या कंडेन्सरच्या आत एक ओला द्राव असतो. तो वर्षानुवर्षं उष्णतेनं सुकत जातो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मामांचा ॲम्प्लिफायर भिंतीतल्या कोनाड्यात, हवा लागणार नाही अशा जागी होता. आमच्या ओळखीच्या मुंबईच्या मेकॅनिकनं लॅमिंग्टन रोडवरून तेवढ्याच मायक्रोफॅराडचे आणि थोड्या जास्त व्होल्टचे नवे कंडेन्सर आणून बसवले. पहिल्यांदा सुरू करताना त्यानं यंत्र सरळ सॉकेटला न लावता सिरीज बोर्डावर, शंभर वॅटच्या जुन्या बल्बमागे लावलं. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. सगळं ठीक होतं.

पट्टीवर त्याला पांढुरकी, चिकट साय दिसली. ती समुद्राची. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता याच्या खाली क्वचितच येते. मिठाचा तो ओला थर वीज वाहून नेतो आणि खरखर सुरू होते. त्यानं पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली, बटणांत काँटॅक्ट क्लीनर मारला आणि सगळे सांधे पुसले. आता मामा पावसाळ्यात गाणं ऐकायचं नसलं तरी यंत्र रोज अर्धा तास चालू ठेवतात. आतली ऊब ओल धरू देत नाही.

घरच्या घरी काय करावं

वायरी काढून-लावून पाहणं, अदलाबदल करणं, कान लावून ऐकणं हे कुणीही करावं. मात्र वायरी हलवताना यंत्र बंद असू द्या. खोका उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. घूं घालवायला कुणी अर्थची तार कापा किंवा टू-पिन प्लग लावा म्हणालं, तर त्याला हात लावू देऊ नका. पंप, फ्रिज किंवा गीझर सुरू झाला की घूं वाढत असेल, तर आधी वायरमनला बोलवा, ॲम्प्लिफायरचं नंतर बघा. फ्रिज किंवा नळ 'जरा शॉक मारतो' म्हणजे अर्थिंग तपासायची वेळ आजच आलेली आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला आणि त्यावर फरशी बसवू नका.

आणखी एक. सगळं बंद करून, प्लग काढूनही घूं किंवा सूं ऐकू येत असेल, तर ती यंत्रात नाही, आपल्या कानात आहे. वाढत्या वयात, मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांत हे अनेकदा होतं. एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा ऐकू कमी येऊ लागलं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा.

मामींची साखर आणि बी-१२ दोन्ही तपासून झालं. साखर थोडी जास्त होती, बी-१२ ठीक होतं. अर्थिंग झाल्या दिवसापासून मुंग्या आलेल्या नाहीत. आरसीसीबीवर चाचणीचं एक छोटं बटण असतं. ते दर महिन्याला दाबून पाहायचं, वीज गेली म्हणजे उपकरण शाबूत. हे काम मामींनी स्वतःकडे घेतलं आहे. परवा मामांचा फोन आला, तक्रार करायला. ऐन रंगात आलेलं गाणं मध्येच बंद पडलं. आत जाऊन पाहतात तर मामी बोर्डापाशी उभ्या. महिन्याची पहिली तारीख होती.